हेडर मारून मेंदू झिजतो का? 2002 मधल्या दोन मृत्यूंनी फुटबॉलला विचारलेला प्रश्न

जानेवारी 2002. इंग्लंडमध्ये जेफ अ‍ॅसल गेले. वय 59.

सप्टेंबर 2002. अमेरिकेत माइक वेबस्टर गेले. वय 50.

दोघेही निवृत्त फुटबॉलपटू, पण दोघांचा फुटबॉल वेगळा. अ‍ॅसल यांचा फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डोमुळे आपल्या ओळखीचा असलेला, पायाने खेळायचा. वेबस्टर यांचा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट, खांद्यावर पॅड, लांबुळका चेंडू आणि समोरच्याच्या अंगावर थेट धडक.

शेवटच्या काही वर्षांत मात्र दोघांच्या घरच्यांनी जवळपास एकच गोष्ट पाहिली. आपला माणूस डोळ्यांदेखत हळूहळू हरवत चालला होता. दोघांच्याही मृत्यूनंतर डॉक्टरांनी मेंदू तपासला आणि दोन्ही खेळांपुढे एकच अडचणीचा प्रश्न उभा राहिला. डोक्याला वर्षानुवर्षं बसणारे धक्के खेळाडूचा मेंदू आतून पोखरतात का?

या प्रश्नाला आता दोन दशकं उलटून गेली. तो अजून का मिटलेला नाही, विज्ञान कुठवर पोहोचलं आहे आणि आपला या सगळ्याशी काय संबंध, हे समजून घेऊया.

जेफ अ‍ॅसल कोण होते?

वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या क्लबचे ते स्ट्रायकर. चाहते त्यांना 'किंग' म्हणायचे. 1964 ते 1974 या काळात त्यांनी क्लबसाठी 174 गोल केले. 1968 च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनविरुद्धचा विजयी गोल त्यांचाच. 1970 च्या वर्ल्ड कपमध्ये ते इंग्लंडकडून खेळले. हवेतला चेंडू डोक्याने मारण्यात त्यांचा हातखंडा होता.

पन्नाशी ओलांडल्यावर थोड्याच वर्षांत त्यांना डिमेन्शियाचं निदान झालं. आपण कधी फुटबॉल खेळायचो, हेसुद्धा शेवटी त्यांना आठवत नव्हतं, असं त्यांच्या मुलीने अनेकदा सांगितलं आहे. मुलीच्याच घरी घास अडकून त्यांचा मृत्यू झाला.

नोव्हेंबर 2002 मध्ये या मृत्यूची कॉरोनरपुढे चौकशी झाली. कॉरोनर म्हणजे अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यूचं कारण ठरवणारा अधिकारी. मुंबईतही हे पद पूर्वी होतं. कॉरोनरने निकाल दिला, 'इंडस्ट्रियल डिसीज'. म्हणजे कामामुळे झालेला आजार.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कापडगिरणीत काम करणाऱ्याच्या छातीत कापसाची धूळ साचते, खाणकामगाराच्या फुफ्फुसात दगडाची भुकटी जाते. तसंच अ‍ॅसल यांच्या कामाने, म्हणजे वारंवार चेंडू डोक्यावर घेण्याने, त्यांच्या मेंदूला इजा झाली, असं एका सरकारी चौकशीने 2002 मध्येच म्हटलं होतं.

आणि माइक वेबस्टर?

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग. त्यात वेबस्टर 17 सीझन खेळले, त्यातले बहुतेक पिट्सबर्ग स्टीलर्सकडून. चार सुपर बोल जिंकले. न थकता खेळायचे म्हणून टोपणनाव पडलं 'आयर्न माइक'.

त्यांची जागा 'सेंटर'ची. प्रत्येक डाव सेंटरपासून सुरू होतो. तो चेंडू पायांमधून मागे देतो आणि त्याच क्षणी समोरच्या धिप्पाड खेळाडूला जाऊन भिडतो. एका सामन्यात हे कितीतरी वेळा होतं, आणि सरावात वेगळं.

निवृत्तीनंतर वेबस्टर यांचं आयुष्य विस्कटलं. विसरभोळेपणा, संताप, झोप नाही, पैशांचा हिशेब नाही. लोकांनी ज्यांचे पोस्टर भिंतीवर लावले होते, ते वेबस्टर काही काळ स्वतःच्या गाडीत राहात होते.

हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदन करणारे डॉक्टर होते बेनेट ओमालू. मूळचे नायजेरियाचे, आणि अमेरिकन फुटबॉलचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. वेबस्टर यांचा मेंदू वरून अगदी ठीकठाक दिसत होता. तरीही ओमालू यांनी तो जपून ठेवून सखोल तपासायचं ठरवलं. पातळ काप करून, रंगद्रव्य लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्यांना जे दिसलं, ते त्यांनी 2005 मध्ये 'न्यूरोसर्जरी' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. निदान होतं सीटीई. विल स्मिथचा 2015 मधला 'कन्कशन' हा सिनेमा याच डॉक्टरांवर आहे.

सीटीई म्हणजे नेमकं काय?

पूर्ण नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफलोपथी. सोप्या भाषेत, डोक्याला वारंवार धक्के बसल्याने मेंदूचा हळूहळू होणारा ऱ्हास.

आपला मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. तो द्रवात तरंगत असतो. चालत्या एसटीने अचानक ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो. तसंच डोक्याला धक्का बसला की मेंदू आतल्या आत हलतो, पिळवटतो. त्यातल्या धाग्यासारख्या लांब चेतातंतूंवर ताण येतो.

या तंतूंना आधार देण्याचं काम 'टाऊ' नावाचं प्रथिन करतं. पुन्हा पुन्हा इजा झाली की हे टाऊ आपल्या जागेवरून सुटतं आणि त्याच्या गुठळ्या होऊ लागतात. सीटीईमध्ये या गुठळ्या मेंदूच्या घड्यांच्या खोलगट भागात, बारीक रक्तवाहिन्यांभोवती दिसतात. ही जागा महत्त्वाची आहे, कारण अल्झायमरमध्येही टाऊ साचतं, पण त्याची मांडणी वेगळी असते.

विसरणं, चिडचिड, नैराश्य, निर्णय घेता न येणं, पुढे डिमेन्शिया, ही लक्षणं अनेकदा खेळ सोडल्यावर कित्येक वर्षांनी दिसू लागतात.

आजार नवा नाही. 1928 मध्येच हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरने बॉक्सरांमध्ये दिसणाऱ्या अशा अवस्थेबद्दल लिहिलं होतं. पण बॉक्सिंगमध्ये डोक्यावर ठोसे पडणारच, असं म्हणून फुटबॉलवाले निवांत राहिले.

सगळ्यात मोठी अडचण पुढेच आहे. सीटीईचं पक्कं निदान आजही फक्त मृत्यूनंतर, मेंदू तपासूनच करता येतं. जिवंत माणसाला 'तुम्हाला सीटीई आहे' असं खात्रीने सांगणारी चाचणी अजून नाही.

एक मोठा फटका की हजारो छोटे धक्के?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. खेळाडू मैदानात कोसळला, डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणजे कन्कशन. ते दिसतं. टीव्हीवर रिप्ले दाखवतात, फिजिओ धावत येतो.

पण संशोधकांना जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्या धक्क्यांची. हेडर मारला, काहीच झालं नाही, खेळ पुढे सुरू. असे धक्के एका सामन्यात मोजकेच असतील. सराव धरून एका वर्षाचे, आणि मग पंधरा-वीस वर्षांचे मोजा. प्रत्येक धक्का एकेकटा किरकोळ, पण बेरीज किरकोळ राहात नाही.

2019 मध्ये अमेरिकन फुटबॉलपटूंच्या मेंदूंवरच्या एका अभ्यासात असं दिसलं की, खेळलेल्या प्रत्येक वर्षामागे सीटीई असण्याची शक्यता साधारण 30 टक्क्यांनी वाढत जाते. म्हणजे किती वेळा बेशुद्ध पडलात, यापेक्षा किती वर्षं धक्के खाल्ले, हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

आकडे काय सांगतात?

पायाने खेळायच्या फुटबॉलवरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास ग्लासगो विद्यापीठाचा. 2019 मध्ये तो प्रसिद्ध झाला. डॉ. विली स्टुअर्ट यांच्या टीमने स्कॉटलंडच्या 7,676 माजी व्यावसायिक खेळाडूंची तुलना त्याच वयाच्या आणि तशाच आर्थिक स्तरातल्या 23,028 सामान्य लोकांशी केली.

- मेंदूच्या ऱ्हासाच्या आजाराने मृत्यू होण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये साधारण साडेतीन पट.
- त्यात अल्झायमरचं प्रमाण सुमारे पाच पट.
- मोटर न्यूरॉन डिसीजचं सुमारे चार पट.
- पार्किन्सन्सचं सुमारे दुप्पट.

2021 मध्ये याच टीमने आणखी खोलात जाऊन पाहिलं. गोलकीपर, म्हणजे जो क्वचितच हेडर मारतो, त्याचा धोका सामान्य माणसापेक्षा फारसा वेगळा नव्हता. उलट बचावपटूंचा धोका सगळ्यात जास्त, जवळपास पाच पट. ज्यांची कारकीर्द लांबली, त्यांचा धोकाही वाढला. 2023 मध्ये स्वीडनच्या सहा हजारांहून जास्त खेळाडूंवरच्या अभ्यासात धोका कमी, म्हणजे दीडपट दिसला. पण गोलकीपर तिथेही सुरक्षितच होते.

हेडर आणि आजार यांचा संबंध असल्याचा थेट पुरावा हा नाही. पण एकाच मैदानावर, एकाच पगारावर, एकाच ड्रेसिंग रूममध्ये वावरलेल्या माणसांमध्ये फरक कशाचा होता, तर चेंडू डोक्यावर घेण्याचा. तो फरक आकड्यांत दिसतो, म्हणून ही गोष्ट झटकून टाकता येत नाही.

आणि इंग्लंडला तर हे आकड्यांशिवायही दिसत होतं. 1966 चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या त्यांच्या अकरा जणांपैकी रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स, जॅक चार्ल्टन आणि बॉबी चार्ल्टन अशा पाच जणांना डिमेन्शिया झाला.

जुना चेंडू जड होता, आता काय प्रॉब्लेम?

हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. पूर्वीचा चेंडू चामड्याचा, पावसात पाणी शोषून दगडासारखा व्हायचा, म्हणून त्या पिढीला त्रास झाला.

यात अर्धंच सत्य आहे. कोरड्या चेंडूचं वजन तेव्हाही 410 ते 450 ग्रॅम होतं आणि आजही तेवढंच आहे. जुना चेंडू भिजून जड व्हायचा, पण जड चेंडू हळू जातो. आजचा चेंडू भिजत नाही, त्यामुळे वेगाने येतो. धक्क्याचा जोर वजन आणि वेग दोन्हींवर ठरतो. ग्लासगोच्या अभ्यासातही वेगवेगळ्या दशकांत जन्मलेल्या खेळाडूंमध्ये धोका कमी होत गेल्याचं दिसलं नाही.

मग संघटनांनी काय केलं?

इथे दोन देशांच्या गोष्टी वेगळ्या वाटेने जातात.

इंग्लंडमध्ये कॉरोनरचा निकाल 2002 मध्येच आला होता. त्यानंतर बरीच वर्षं ठोस काही घडलं नाही. अ‍ॅसल कुटुंबाने 'जस्टिस फॉर जेफ' ही मोहीम चालवली. 2014 मध्ये डॉ. स्टुअर्ट यांनी अ‍ॅसल यांचा जपून ठेवलेला मेंदू पुन्हा तपासला आणि सीटीई असल्याचं सांगितलं. ग्लासगोच्या अभ्यासाला फुटबॉल संघटनेचे पैसे मिळाले, ते त्यानंतर.

अमेरिकेत तर थेट नकारच होता. एनएफएलने 1994 मध्ये मेंदूच्या दुखापतींसाठी एक समिती नेमली. तिचे प्रमुख होते एक संधिवाततज्ज्ञ. ओमालू यांचा निबंध आल्यावर या समितीच्या डॉक्टरांनी तो मागे घ्या, अशी मागणी केली. गंमत म्हणजे, त्याआधीच, 1999 मध्ये एनएफएल खेळाडूंच्या निवृत्ती मंडळाने वेबस्टर यांचं अपंगत्व खेळातल्या डोक्याच्या दुखापतींमुळेच आल्याचं मान्य केलं होतं. म्हणजे कागदावर होकार, बाहेर नकार.

मग एकामागून एक खेळाडू गेले. 2011 मध्ये डेव्ह ड्युअरसन यांनी आत्महत्या केली. आपला मेंदू संशोधनाला द्यावा, अशी चिठ्ठी त्यांनी मागे ठेवली होती. 2012 मध्ये ज्युनिअर सियाऊ या लाडक्या स्टारनेही वयाच्या 43 व्या वर्षी आयुष्य संपवलं. दोघांच्याही मेंदूत सीटीई सापडला. फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध आहे, हे एनएफएलच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकन संसदेच्या समितीपुढे मान्य केलं ते 2016 मध्ये.

पैसे मिळाले का?

अमेरिकेत हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले. 2013 मध्ये 76.5 कोटी डॉलरची तडजोड ठरली. पुढे न्यायालयाच्या आग्रहाने ती मर्यादा काढली गेली आणि वाटलेली रक्कम आता 100 कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे.

ऐकायला भारी वाटतं, पण अटी बघा. मृत्यूनंतर सीटीई सापडल्यास मिळणारी भरपाई फक्त एप्रिल 2015 च्या आधी मृत्यू झालेल्यांसाठी. त्यानंतर गेलेल्यांच्या घरच्यांना केवळ सीटीईसाठी काही नाही. त्याहून धक्कादायक म्हणजे, काळ्या खेळाडूंची बौद्धिक क्षमता मुळातच कमी असते, असं गृहीत धरणारं गणित दावे तपासताना वापरलं जात होतं. त्यामुळे तेवढीच घसरण झालेल्या काळ्या खेळाडूला भरपाई मिळणं अवघड व्हायचं. मोठा गदारोळ झाल्यावर 2021 मध्ये ते बंद करण्याचं एनएफएलने मान्य केलं.

ब्रिटनमध्ये अजून तशी मोठी तडजोड झालेली नाही.

याला दुसरी बाजू नाही का?

आहे, आणि ती समजून घेतली नाही तर आपण विनाकारण घाबरून जाऊ.

एक, बोस्टन विद्यापीठाने 2017 मध्ये एनएफएलच्या 111 माजी खेळाडूंचे मेंदू तपासले. 110 मध्ये सीटीई सापडला. हा आकडा दर काही महिन्यांनी व्हायरल होतो. पण याचा अर्थ 99 टक्के खेळाडूंना सीटीई होतो, असा नाही. मेंदू दान करणारी कुटुंबं बहुतेक तीच असतात, ज्यांना आधीच काहीतरी बिनसल्याचा संशय असतो. हे तिथल्या संशोधकांनीच स्पष्ट केलं आहे.

दोन, साडेतीन पट म्हणजे बहुतेकांना आजार होतो, असं नाही. ग्लासगोच्या अभ्यासात मेंदूच्या ऱ्हासाचा आजार हे मृत्यूचं मुख्य कारण असणाऱ्यांचं प्रमाण खेळाडूंमध्ये 1.7 टक्के, तर इतरांमध्ये 0.5 टक्के होतं.

तीन, त्याच अभ्यासात माजी खेळाडूंचा हृदयविकार आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू होण्याचा धोका कमी दिसला. खेळ शरीराला चांगलाच आहे. प्रश्न खेळण्याचा नाही, डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांचा आहे. आणि ते कमी करता येतात.

नियम कुठे बदलले?

अमेरिकेच्या सॉकर संघटनेने 2015 मध्येच 10 वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर मारायला बंदी केली. 2020 मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांचा हेडरचा सराव थांबवला. 2021 पासून इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंनाही सरावात आठवड्याला जास्तीत जास्त 10 जोरदार हेडरची शिफारस आहे. स्कॉटलंडने 2022 मध्ये सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी हेडरचा सराव नको, असं क्लबांना सांगितलं. कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी जादा बदली खेळाडू देण्याची सोय 2024 पासून फुटबॉलच्या नियमांतच आली आहे.

गोल करण्याचा हेडर कुणी काढून घेतलेला नाही. बहुतेक बदल सरावाबद्दलचे आहेत, कारण धक्क्यांची बेरीज तिथेच वाढते.

आपल्याला काय त्याचं?

31 जानेवारी 2025. पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर भारत-इंग्लंड टी-20 सामना. शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. त्याच्या जागी कन्कशन सबस्टिट्यूट म्हणून हर्षित राणा आला आणि त्याने तीन विकेट काढल्या. इंग्लंडचा कर्णधार जॉस बटलर भडकला. नंतर आपण सगळेच भांडलो. दुबेच्या जागी राणा 'लाइक फॉर लाइक' आहे का? भारताने चलाखी केली का?

वाद रास्त होता. पण त्या गदारोळात दुबेच्या डोक्याची चौकशी कितीजणांनी केली? डोक्याला लागलं, ही गोष्ट आपल्यासाठी लगेच स्ट्रॅटेजीचा मुद्दा होते.

क्रिकेटमध्ये निदान नियम आहे आणि बाउंड्रीपाशी डॉक्टर आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे संघ भिडतात तेव्हा गॅलरी फुल्ल असते. गोव्यात तर फुटबॉल गावागावांत खेळला जातो. या मुलांना हेडर शिकवणारा कोच, 'काही होत नाही, उठ' म्हणणारा मोठा भाऊ आणि बाहेरून ओरडणारे आपण, यांच्यापैकी कुणाला यातलं काय माहीत आहे, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून तीन साध्या गोष्टी.

- डोक्याला लागल्यावर मूल गोंधळलं, चक्कर आली, उलटी झाली, डोकं दुखू लागलं किंवा नेहमीसारखं वागत नसेल, तर त्या दिवशी खेळ बंद. 'पाच मिनिटं बस आणि ये' चालणार नाही. डॉक्टरांना दाखवा.
- बेशुद्ध पडलं नाही म्हणजे कन्कशन झालं नाही, असं नसतं. बहुतेक कन्कशनमध्ये माणूस बेशुद्ध पडतच नाही.
- लहान मुलांना हेडरचा सराव द्यायची घाई करू नका. पास, ड्रिबल, पहिला टच शिकायला भरपूर काही आहे.

शेवटी मुद्दा काय?

गेल्या दोन दशकांत खेळांच्या संघटना एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत म्हणत आल्या, 'अजून पुरावा पुरेसा नाही.' विज्ञानाच्या दृष्टीने हे वाक्य अनेकदा खरंही होतं. पण या आजाराचा पक्का पुरावा माणूस गेल्यावरच मिळतो. म्हणजे पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबायचं ठरवलं, तर तो गोळा करण्याची किंमत खेळाडूनेच मोजायची.

अ‍ॅसल यांच्या बाबतीत 'हा कामामुळे झालेला आजार आहे' हे चार शब्दांत सांगता येण्यासारखं 2002 मध्येच सांगून झालं होतं. लहान मुलांचा हेडरचा सराव इंग्लंडमध्ये थांबला 2020 मध्ये. मधल्या 18 वर्षांत जी मुलं रोज मैदानावर चेंडू डोक्यावर घ्यायला शिकली, ती आज तुमच्या-माझ्या वयाची आहेत.